जुन्या मोटारसायकली आणि शर्यतीच्या मोटारींचे संग्रहालय पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशा संग्रहालयाला जाण्यापूर्वी आणि तिथून परतल्यावर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. शक्य तिथे विचारणाऱ्यांचीच भाषा कायम ठेवली आहे. एखाद्या मुद्द्याचे उत्तर आधी येऊन गेले असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तिकीट, वेळा आणि नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, म्हणून येथील भर यंत्रे कशी पाहावीत यावर अधिक आहे.

१. ‘व्हिंटेज’ म्हणजे नक्की किती जुनी गाडी? जुनी दिसणारी प्रत्येक गाडी व्हिंटेज असते का?

बोलण्यात आपण कोणत्याही जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणतो, पण या छंदातील जाणकार तो शब्द मोजून वापरतात. ब्रिटनमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या वर्गवारीनुसार १९१९ ते १९३० या काळात बनलेली मोटार व्हिंटेज ठरते. १९०५ ते १९१८ या काळातील मोटारींना एडवर्डियन म्हणतात आणि त्याहून जुन्या मोटारी व्हेटरन समजल्या जातात. मोटारसायकलींच्या बाबतीत सीमारेषा थोड्या वेगळ्या आहेत: १९१४ अखेरपर्यंतची व्हेटरन आणि १९१५ ते १९३० मधील व्हिंटेज. संग्रहालयाच्या नावात मात्र हा शब्द बहुधा सैल अर्थाने असतो आणि आत १९८० च्या दशकातील टर्बो इंजिनाच्या मोटारीही दिसतात. त्यात फसवणूक नाही. शर्यतीच्या जगात एखादी मोटार दोन हंगामांत कालबाह्य होते, त्यामुळे तिथे ‘जुने’ या शब्दाचे मापच वेगळे असते.

२. मला यंत्रांतले काहीही कळत नाही. मग तिथे जाऊन मी काय पाहू?

सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाची येतात आणि याचे उत्तर द्यायला मला सर्वांत जास्त आवडते. सगळे पाहण्याचा प्रयत्न करू नये. एकच भाग निवडावा आणि तो प्रत्येक दशकात कसा बदलत गेला, एवढेच शोधत चालावे.

मोटारसायकलींच्या दालनात पुढचे चाक निवडावे. सुरुवातीच्या यंत्रांत ते सायकलसारखे सरळ धरलेले दिसेल. मग चाकाच्या वर, हँडलच्या पुढे, उघडी स्प्रिंग आणि चार दांड्यांची जुळणी असलेला गर्डर फोर्क येईल. त्यानंतर एका नळीत दुसरी नळी सरकणारा टेलिस्कोपिक फोर्क दिसेल. आत तेल असलेला असा फोर्क विक्रीच्या मोटारसायकलींवर बीएमडब्ल्यूने १९३५ साली आणला. त्याच चाकाचा ब्रेकही पाहावा. ड्रम ब्रेक आकाराने वाढत जातो, त्याला हवा घेणारी तोंडे फुटतात, आणि १९६९ च्या होंडा सीबी ७५० वर पोहोचल्यावर त्याच्या जागी उघडी, चकचकीत तबकडी येते. एवढे एक चाक नीट पाहिले, तरी रस्ते सुधारत गेले, वेग वाढत गेला आणि थांबणे हा प्रश्न किती गंभीर होत गेला, हे फलक न वाचताही समजते.

मोटारींच्या दालनात चालकाची जागा निवडावी. १९५० च्या दशकातील चालक स्टिअरिंगजवळ ताठ बसतो, पुढे लांब इंजिन असते आणि त्याचे खांदे पूर्ण उघडे असतात. १९५९ साली जॅक ब्रॅबहॅमने कूपर कंपनीच्या मोटारीतून फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हा इंजिन त्याच्या पाठीमागे गेलेले होते. पुढे इंजिन असलेल्या मोटारीने फॉर्म्युला वनची शर्यत शेवटची जिंकली ती १९६० साली इटलीतील मोंझा येथे. मोटार फेरारी आणि चालक फिल हिल. त्यानंतर ब्रिटनच्या लोटस कंपनीची १९६२ ची शर्यतीची मोटार, लोटस २५, पाहावी. तिच्यात नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याची पेटीच सांगाड्याचे काम करते आणि चालक तीत जवळजवळ आडवा झोपलेला असतो. चालक आडवा झाला म्हणजे मोटार बुटकी झाली, आणि बुटकी मोटार हवेला कमी अडते.

३. पूर्ण संग्रहालय पाहायला किती वेळ लागतो?

मध्यम आकाराच्या संग्रहालयाला दोन ते तीन तास पुरतात. शेकडो यंत्रे असलेल्या ठिकाणी मात्र दिवस अपुरा पडतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात बार्बर व्हिंटेज मोटरस्पोर्ट्स संग्रहालय आहे. तिथे मोटारसायकलींचा प्रचंड संग्रह, लोटसच्या शर्यतीच्या मोटारींचा मोठा ताफा आणि शेजारीच शर्यतीचा मार्ग असे सगळे एका आवारात आहे. अशा ठिकाणी पहिल्या तासात सगळीकडे न थांबता एक फेरी मारावी, मन अडेल ती दहा यंत्रे लक्षात ठेवावीत आणि मग त्यांच्याकडेच परत जावे. साठाव्या मोटारसायकलीनंतर डोळे पाहतात, पण मन नोंद घेत नाही.

४. कोणत्या दिवशी जावे? तिकीट आधी काढावे लागते का?

कामाच्या दिवशी सकाळी जावे. मार्गदर्शकासह फेरी हवी असेल, तर नोंदणी आधी करावी लागते. एक गोष्ट लोक विसरतात: शर्यतीच्या मार्गालगत असलेली संग्रहालये स्पर्धेच्या दिवसांत बंद असतात किंवा त्यांचे वेगळे तिकीट असते. शिवाय नामांकित मोटारी प्रदर्शनांसाठी बाहेरगावी जातात. एकाच मोटारीसाठी लांबचा प्रवास करणार असाल, तर ती त्या दिवशी दालनात आहे का, हे आधी लिहून विचारावे.

५. लहान मुलांना किंवा चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला नेता येईल का?

नेता येते आणि न्यावेच. चाकाच्या खुर्चीसाठी लिफ्ट आणि उतार आहेत का, एवढीच चौकशी पुरत नाही. यंत्रे उंच चौथऱ्यांवर किंवा भिंतीवर एकावर एक मांडलेली असतील, तर खुर्चीतून फक्त चाके दिसतात. म्हणून मांडणी कशी आहे हेही विचारावे. खुर्चीच्या उंचीवरून दिसणारे इंजिन मात्र उभ्या माणसाला दिसणाऱ्या इंजिनापेक्षा अधिक स्पष्ट असते. मुलांच्या बाबतीत खरी काळजी असते ती हात लावण्याची. ‘हात लावू नकोस’ एवढेच न सांगता प्रश्न ६ मधील कारण समजावून सांगितले, तर बहुतेक मुले ते मनापासून पाळतात.

६. लोखंडाच्या गाडीला हात लावल्याने असे काय बिघडते?

बिघडते, आणि बहुतेकदा कायमचे बिघडते. घामात क्षार आणि आम्ल असते. निकेलचा मुलामा, पॉलिश केलेले ॲल्युमिनियम, रंग न दिलेले पोलाद यांवर बोटांचा ठसा आज दिसत नाही, पण काही आठवड्यांनी तो तांबूस किंवा पांढरट डाग होऊन वर येतो. शर्यतीच्या मोटारींत वजन वाचवण्यासाठी मॅग्नेशियमचे मिश्रधातू सर्रास वापरले जात. मर्सिडीजच्या १९५५ च्या ३०० एसएलआर मोटारीचे अंगच एलेक्ट्रॉन नावाच्या मॅग्नेशियम मिश्रधातूच्या पत्र्याचे होते. मॅग्नेशियम ओलावा आणि क्षार यांना फार लवकर बळी पडते.

दुसरे कारण रंगाचे आहे. जुन्या टाक्यांवरील बारीक सोनेरी रेघा कारागिराने लांब केसांच्या कुंचल्याने एका दमात ओढलेल्या असतात. त्या दरवर्षी हजारो बोटांखाली येऊ लागल्या, तर काही वर्षांत पुसल्या जातील, आणि नव्याने ओढलेली रेघ कितीही सुबक असली, तरी ती त्या पहिल्या हाताची नसेल. बोटांपेक्षाही अधिक नुकसान करतात त्या खांद्यावरच्या पिशव्या, जाकिटाच्या चेन, पट्ट्याचे बकल आणि गळ्यात लोंबणारे कॅमेरे. वाकून पाहताना हे सगळे आपल्या आधी यंत्रापर्यंत पोहोचते. पिशवी सामानघरात ठेवणे उत्तम.

७. मग कुठल्याच गाडीवर बसून फोटो काढता येत नाही का?

अनेक ठिकाणी त्यासाठी एखादी वेगळी मोटारसायकल किंवा शर्यतीच्या मोटारीचा पुढचा भाग ठेवलेला असतो. तिथे ‘बसू शकता’ असे स्पष्ट लिहिलेले असते. असे लिहिलेले नसेल, तर दोरी नाही म्हणजे परवानगी आहे असे समजू नये. मार्गदर्शकाने एखाद्याला बसवलेले पाहिले, म्हणून आपणही बसावे, हेही बरोबर नाही; ती व्यक्ती त्या यंत्राची जुनी चालक किंवा देणगीदार असू शकते.

८. फोटो चांगले यावेत म्हणून काय करावे? फ्लॅश चालतो का?

बहुतेक संग्रहालये स्वतःच्या वापरासाठी फोटो काढू देतात. फ्लॅश, तिपाई आणि सेल्फीची काठी यांना मात्र अनेक ठिकाणी मनाई असते. फ्लॅशचा तसा उपयोगही नसतो, कारण क्रोम आणि ताज्या रंगावर तो पांढरा डाग होऊन परत येतो. गुडघे टेकून कॅमेरा चाकाच्या आसाच्या उंचीवर आणावा. उभ्याने काढलेल्या फोटोत प्रत्येक मोटारसायकल खेळण्यासारखी दिसते. पूर्ण यंत्राच्या एका फोटोबरोबर फलकाचा एक फोटो हमखास घ्यावा, नाहीतर घरी आल्यावर कोणते यंत्र कोणते हे आठवत नाही. फोटो विकायचे असतील किंवा व्यवसायासाठी वापरायचे असतील, तर लेखी परवानगी लागते.

९. या गाड्या चालू स्थितीत असतात का? खाली तेलाचा ट्रे का ठेवलेला असतो?

काही असतात, काही कधीच पुन्हा चालवल्या जाणार नाहीत, आणि यातले काय योग्य यावर संग्रहालयांत प्रामाणिक मतभेद आहेत. इंजिन वर्षानुवर्षे बंद राहिले की सील सुकतात, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटतात, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट गाळ बसतो. चालवले, तर प्रत्येक फेरीत मूळ भाग झिजतात, आणि ते भाग आज कुणी बनवत नाही. माझे मत असे आहे की ज्या प्रकारची अनेक यंत्रे शिल्लक आहेत त्यांतले एखादे चालते ठेवावे, आणि जे एकमेव उरले आहे त्याला विश्रांती द्यावी.

दालनातील यंत्रांच्या टाक्या सहसा रिकाम्या असतात आणि बॅटरी काढलेली असते. त्यामागे आगीचे भय आहे आणि ते खरे आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालयाला सप्टेंबर २००३ मध्ये आग लागली, तेव्हा सुमारे ३८० मोटारसायकली तिच्या तडाख्यात सापडल्या. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात ते संग्रहालय पुन्हा उघडले, यामागे किती हातांचे काम असेल याची कल्पना करावी.

ट्रे ठेवतात, कारण जुन्या इंजिनांतून तेल ठिबकणे हा दोष असतोच असे नाही. सुरुवातीच्या मोटारसायकलींत तेल इंजिनात फिरून परत येत नसे. चालक टाकीवरील हातपंपाने थोडे थोडे तेल आत सोडी आणि ते जळून किंवा गळून बाहेर जाई. अशा मोटारसायकलीवर टाकीच्या कडेला तो छोटा पंप आवर्जून शोधावा. रस्ता, वेग आणि चढ पाहून किती तेल द्यायचे हे चालकाने ठरवायचे असे, आणि चुकले तर इंजिन जाम होई.

काही दालनांत एक गोडसर, जड वास येतो. तो एरंडेल तेलाचा. शर्यतीच्या इंजिनांत एरंडेल वापरत, कारण प्रचंड उष्णतेतही त्याचा थर धातूवरून सहजी तुटत नाही; कॅस्ट्रॉल हे नाव त्याच्याच इंग्रजी नावावरून आले आहे. पण एरंडेल साध्या खनिज तेलात मिसळत नाही आणि पडून राहिले की घट्ट चिकट होते, म्हणून शर्यतीनंतर इंजिन साफ करावेच लागे.

१०. इंजिनाचा आवाज ऐकायला कधी मिळेल?

संग्रहालये वर्षातून काही दिवस इंजिने सुरू करून दाखवतात. त्या तारखा आधी जाहीर होतात. मात्र जाहीर झालेले इंजिन त्या दिवशी सुरू होईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. शर्यतीच्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांमधील फट अतिशय कमी ठेवलेली असते. अलीकडच्या फॉर्म्युला वन इंजिनात तर थंड असताना भाग इतके घट्ट बसलेले असतात, की बाहेरून गरम पाणी आणि तेल फिरवल्याशिवाय ते सुरू करता येत नाही. म्हणून घोषित वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे: तंत्रज्ञ प्लग काढतात, इंजिन हाताने फिरवून पाहतात, तेलाचा दाब येतो का ते तपासतात, आणि ही तयारी आवाजाइतकीच पाहण्यासारखी असते. कानांत बोळे घालावेत, आणि लहान मुलांना कान पूर्ण झाकणारे संरक्षण द्यावे.

११. फलकावर नुसते ‘१.५ लिटर, ८ सिलिंडर’ असे आकडे असतात. त्यांतून काय समजायचे?

शर्यतीच्या यंत्राचे आकडे त्या वर्षीच्या नियमाशेजारी ठेवून वाचावे लागतात. १९५० साली फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद सुरू झाले, तेव्हा दोन पर्याय होते: सुपरचार्जरने हवा कोंबणारे १.५ लिटरचे इंजिन, किंवा सुपरचार्जर नसलेले ४.५ लिटरपर्यंतचे इंजिन. अल्फा रोमिओने पहिला मार्ग घेतला. त्यांच्या आठ सिलिंडरच्या १५८ आणि १५९ या मोटारींनी १९५० आणि १९५१ ची विजेतेपदे मिळवली, पण त्यांची इंधनाची भूक अशी होती की एका लिटरमध्ये एक किलोमीटरही पुरा होत नसे. फेरारीने दुसरा मार्ग घेतला. मोठे, साधे, कमी पिणारे इंजिन घेऊन होसे फ्रोइलान गोंझालेझने जुलै १९५१ मध्ये इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे अल्फाला हरवले. दालनात या दोन मोटारी शेजारी असल्या, तर त्यांच्या इंधन टाकीला किती जागा दिली आहे ते पाहावे.

मोटारसायकलींत सिलिंडरांची संख्या हीच गोष्ट सांगते. एकूण आकार नियमाने बांधलेला असेल, तर शक्ती वाढवायला इंजिन अधिक वेगाने फिरवावे लागते, आणि त्यासाठी पिस्टन लहान आणि हलके हवेत. म्हणून मोटो गुझीच्या जुलिओ चेझारे कार्कानो यांनी १९५५ साली ५०० सीसीमध्ये आठ सिलिंडर बसवले. होंडाच्या २५० सीसीच्या आरसी १६६ मध्ये सहा सिलिंडर होते, ते मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेत, आणि तिच्यावर माइक हेलवुडने १९६६ आणि १९६७ ची विजेतेपदे मिळवली. ही सहा सिलिंडरे डोळ्यांनी मोजून पाहावीत. नंतर नियम करणाऱ्यांनीच सिलिंडरांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि हा अध्याय संपला.

नियमातील मोकळी जागा शोधणारी दोन यंत्रे दिसली, तर तिथे थांबावेच. टायरेल पी३४ ला सहा चाके होती, पुढची चार अगदी लहान, आणि तिने १९७६ ची स्वीडिश ग्रां प्री जिंकली. ब्रॅबहॅम बीटी४६बी च्या मागे मोठा पंखा होता, जो मोटारीखालची हवा ओढून तिला रस्त्याला चिकटवी. ती १९७८ साली निकी लाउडाच्या हाती स्वीडनमध्ये एकच शर्यत धावली, जिंकली, आणि पुन्हा कधी धावली नाही.

१२. जुन्या शर्यतीच्या मोटारींचे रंग ठरलेले का असतात? मोटारसायकलींच्या नंबरपाटीचे रंग वेगळे का?

जाहिराती येण्यापूर्वी मोटारीचा रंग देश सांगत असे: इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, ब्रिटनचा हिरवा, बेल्जियमचा पिवळा, जर्मनीचा पांढरा आणि पुढे चंदेरी. १९६८ साली फॉर्म्युला वनमध्ये प्रायोजकांचे रंग आले. दालनातून चालताना हा बदल एका पावलात दिसतो, कारण एका रांगेत देश असतात आणि पुढच्या रांगेत सिगारेटची पाकिटे.

मोटारसायकलींच्या नंबरपाट्यांचा रंग इंजिनाचा वर्ग सांगे. ५०० सीसीला पिवळी पाटी आणि काळे आकडे, ३५० ला निळी पाटी आणि पांढरे आकडे, २५० ला हिरवी आणि १२५ ला काळी पाटी. एवढे लक्षात ठेवले, तर जुन्या कृष्णधवल छायाचित्रांशेजारी उभी असलेली यंत्रेही ओळखता येतात.

१३. काही मोटारसायकलींचा गिअर उजव्या पायाकडे आणि ब्रेक डावीकडे का आहे?

कारण तेव्हा सगळ्यांनी मान्य केलेला असा नियमच नव्हता. ब्रिटिश मोटारसायकलींत गिअर उजव्या पायाने बदलत. ‘इंडियन’ आणि हार्ले-डेव्हिडसन या अमेरिकन कंपन्यांच्या जुन्या यंत्रांत क्लच पायाने दाबत आणि गिअरची दांडी टाकीच्या बाजूला हाताने हलवीत. १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेने डावीकडील गिअर सक्तीचा केला. ती बाजारपेठ एवढी मोठी होती की जगभरच्या कारखान्यांनी तीच पद्धत घेतली.

१४. समोरची गाडी खरी आहे की प्रतिकृती, हे कसे ओळखावे?

आधी फलकातील शब्द काळजीपूर्वक वाचावेत. ‘मूळ’, ‘रिस्टोर केलेली’ (म्हणजे दुरुस्त करून, रंगवून पूर्वीच्या रूपात आणलेली), ‘मूळ भागांवरून पुन्हा उभारलेली’ आणि ‘प्रतिकृती’ हे चार वेगळे दावे आहेत, आणि चांगले संग्रहालय त्यांत गल्लत करत नाही. डाइमलर आणि माइबाख यांनी १८८५ साली बनवलेली लाकडी सांगाड्याची राइटव्हागेन ही पेट्रोल इंजिनाची पहिली दुचाकी मानली जाते. मूळ यंत्र १९०३ च्या आगीत नष्ट झाले, त्यामुळे आज जिथे जिथे ती दिसते, ती प्रतिकृतीच असते. तरीही ती पाहण्यासारखी आहे, कारण तिच्या दोन्ही बाजूंची छोटी आधारचाके पाहिल्यावर त्या माणसांना दोन चाकांवर तोल राखण्याची किती शंका होती ते कळते.

शर्यतीच्या मोटारींची गुंतागुंत आणखी वेगळी आहे. हंगामाच्या मध्येच अपघात होई, सांगाडा बदलला जाई, इंजिन दुसऱ्या मोटारीत जाई, आणि क्रमांकाची पट्टी मात्र नव्या सांगाड्यावर ठोकली जाई. वर्षांनंतर टाकून दिलेल्या जुन्या सांगाड्याभोवती दुसरी मोटार उभी राहते आणि एकाच क्रमांकाचे दोन दावेदार तयार होतात. म्हणून सांगाड्याचा आणि इंजिनाचा क्रमांक जुळणे हा पुरावा आहे, पण शेवटचा शब्द नाही. सलग मालकीची कागदपत्रे आणि त्या काळची छायाचित्रे त्याहून अधिक बोलतात. फर्डिनंड पोर्श यांनी आखलेल्या सोळा सिलिंडरच्या ऑटो युनियनच्या बहुतेक मोटारी महायुद्धानंतर सोव्हिएत संघात नेल्या गेल्या आणि फार थोड्या परत आल्या. त्यामुळे त्यांच्या पुनर्निर्मित मोटारीही आज प्रदर्शनात असतात, आणि तसे लिहिलेले असेल तर त्यात काहीच गैर नाही.

१५. एवढ्या मोठ्या संग्रहालयात काही गाड्या गंजलेल्या आणि फाटक्या सीटच्या का ठेवल्या आहेत? दुरुस्तीला पैसे नाहीत का?

बहुतेक वेळा तो जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय असतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. यंत्र पुन्हा रंगवता कितीही वेळा येईल, मूळ अवस्थेत ते एकदाच असते. झिजलेला गुडघ्याचा ठसा, तारेने बांधलेला सायलेन्सर, रंगाच्या खाली दिसणारा आधीचा रंग हे सगळे पुरावे आहेत, आणि रिस्टोर करताना सर्वांत आधी तेच जातात.

२०१४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालयात जमीन खचली आणि आठ मोटारी खड्ड्यात गेल्या. त्यांतील तीन दुरुस्त केल्या आणि पाच चेमटलेल्याच ठेवल्या. त्याआधी, २००९ साली इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील माजोरे सरोवराच्या तळातून दशकानुदशके बुडालेली बुगाटी ब्रेशिया ही मोटार वर काढली गेली, आणि ती सडलेल्या अवस्थेतच प्रदर्शनात मांडली गेली. तिला चकाकी दिली असती, तर ती बऱ्यापैकी नवी मोटार झाली असती आणि सरोवराची कथा कुठेच उरली नसती.

१६. ज्या गाड्यांच्या अपघातात माणसे गेली, त्या दाखवणे योग्य आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची अस्वस्थता समजण्यासारखी आहे. १९५५ साली फ्रान्समधील ल माँ येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. असा इतिहास वगळून शर्यतीची गोष्ट सांगणे मला अप्रामाणिक वाटते, पण मोडलेला पत्रा नुसता नवलाईसाठी मांडणे त्याहून वाईट. योग्य मांडणी त्यानंतर काय बदलले ते दाखवते. म्हणून शिरस्त्राणांचे कपाट चुकवू नये. ब्रफ सुपीरियर एसएस १०० या मोटारसायकलवरून जाताना झालेल्या अपघातानंतर ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स १९३५ साली वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत शल्यविशारद ह्यू केर्न्स होते; त्यांनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि शिरस्त्राणाच्या वापराला शास्त्रीय आधार दिला. तसेच १९८१ साली मोंझा येथे जॉन वॉटसनची मॅक्लारेन एमपी४/१ आदळून दोन तुकडे झाली, पण चालक बसतो ती तिची कार्बन फायबरची पेटी टिकली आणि तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला.

१७. मी माझ्याच जुन्या मोटारसायकलवर येणार आहे. काही अडचण?

उलट स्वागतच होते. काही ठिकाणी जुन्या यंत्रांसाठी वेगळी जागाही राखलेली असते. इंजिनाखाली ठेवायला पुठ्ठा किंवा पसरट डबा सोबत आणावा. कारण प्रश्न ९ मध्ये आले आहे.

१८. आजोबांची मोटारसायकल संग्रहालयाला द्यायची आहे. ती आधी रंगवून, चालू करून द्यावी का?

कृपया नको. तिला पुसूही नये, फक्त कोरड्या जागी झाकून ठेवावे. प्लास्टिकने घट्ट गुंडाळल्यास आत ओलावा साठतो, त्यामुळे सुती चादर बरी. बंद इंजिनाला किक मारून पाहण्याचा मोह आवरावा. आत अडकलेला भाग त्याने तुटू शकतो. मोटारसायकलबरोबर मिळतील ती नोंदणीची पुस्तके, पावत्या, हत्यारांची पिशवी, आजोबांचा तिच्यावर बसलेला एखादा फोटो असे सगळे एकत्र करावे. अनेकदा यंत्रापेक्षा या कागदांमुळेच संग्रहालय होकार देते.

देणगी आणि उसनवारी यांतील फरक आधी समजून घ्यावा. देणगी दिल्यावर मालकी जाते, आणि ती कायम दालनात राहील, अशी अट बहुतेक संग्रहालये मान्य करत नाहीत. बरीच यंत्रे कोठारात असतात. उसनी दिली, तर मुदत, विमा आणि परत नेण्याची जबाबदारी लेखी असावी. नकार आला, तर त्याचा अर्थ मोटारसायकल क्षुल्लक आहे असा नाही. तशीच एक त्यांच्याकडे आधीपासून असू शकते.

१९. आमच्या मोटारसायकलीचा इतिहास संग्रहालयातून मिळेल का?

अभिलेखागार असेल, तर मिळू शकतो. सांगाड्याचा आणि इंजिनाचा असे दोन्ही क्रमांक स्वच्छ छायाचित्रासह पाठवावेत; आकडे उजळावेत म्हणून ते घासू नयेत. कारखान्याच्या वह्या टिकल्या असतील, तर यंत्र कधी बाहेर पडले आणि कोणत्या विक्रेत्याकडे गेले हे कळते. क्रमांक जुळत नसतील, तर प्रश्न १४ पाहावा.

२०. फलकावरची माहिती चुकीची वाटली तर कोणाला सांगावे?

दालनातील रखवालदाराशी वाद घालू नये. फलकाचा फोटो घ्यावा आणि आपल्याजवळचा पुरावा, म्हणजे त्या काळचे छायाचित्र, निकालपत्रक किंवा कारखान्याचे माहितीपुस्तक जोडून संग्रहालयाच्या अभिरक्षकांना (क्युरेटरना) लिहावे. वर्षांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी: यंत्राचे बनण्याचे वर्ष, त्याच्या नमुन्याचे पहिले वर्ष आणि ते ज्या शर्यतीत धावले ते वर्ष ही तीन वेगळी असू शकतात. अल्फा रोमिओ १५८ चा नमुना १९३८ चा आहे आणि तिने विश्वविजेतेपद मिळवले १९५० साली. दोन्ही फलक बरोबर असतात.